धूर दिसला नाही त्या दिवशी

चुलीचा धूर दिसला की समजायचं पोरगी जिवंत आहे, असा आमच्या घरात ठराव झाला होता. ठराव आईचा. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की जिवंत माणसाला धुरापेक्षा आणखीही बरंच काही कळवायचं असतं. पण चौदाव्या वर्षी माझ्या अंगभर देवी निघाल्या होत्या. घशातही फोड होते, त्यामुळे बोलायचं ते सगळं पोटातच राहायचं. माझ्यासारख्या तोंडाळ पोरीला देवीने नेमकी शिक्षा केली, असं आत्या म्हणायची.

दुष्काळ सरला होता आणि त्याच्या पुढच्या सालातला फाल्गुन संपत आला होता. वाशीम तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, सगळं अकोल्यात मोडायचं. आमचं गाव मेडशीच्या सडकेवरून आत, पायवाटेने. गावात देवीचा एकच रोगी, तो म्हणजे मी. लहानपणी मला टोचलं होतं, पण ते धरलं नाही. कुठून आणला हा रोग ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाजारातून आणला असेल, लग्नातून आणला असेल. माझ्या अंगावर पुरळ उठल्याचं कळताच सरकारी टोचणारा सायकलवर येऊन हजर झाला. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणायचे. डॉक्टर वगैरे काही नव्हता, देशावरचा एक काटकुळा, चिडका माणूस होता, आणि त्याच्या थैलीत दोन टोकांची सुई होती. त्याने अख्खं गाव रांगेत उभं करून टोचलं. फक्त माझ्या आईला टोचता आलं नाही.

आई ओली बाळंतीण होती. माझा भाऊ नुकताच जन्मला होता. पण खरं कारण ते नव्हतं. आईच्या माहेरी, अनसिंगकडे, टोचणारा आला की तिची आजी तिला ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवायची, म्हणून तिच्या दंडावर टोचल्याचा एकही व्रण नव्हता. आणि आता घरात देवी आलेली असताना सुई टोचून घ्यायची म्हणजे पाहुणी ओसरीत बसलेली असताना तिच्या तोंडावर दार लावण्यासारखं. देवी कोपेल आणि तो कोप माझ्यावर निघेल, ही आईची भीती. देवीडॉक्टर तिला म्हणाला, "बाई, तुम्हाला झाला तर तुमच्या अंगावर पिणारं बाळ आठवडाभरसुद्धा टिकणार नाही." आईने पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. मग त्याने बाबांना बजावलं की पोरीला घराबाहेर हलवा, आणि हिला तिच्या वाऱ्यालाही उभी राहू देऊ नका.

असं करून मी आमच्या वावरातल्या खोपडीत आले, नाल्याच्या पलीकडे. बरोबर आत्या. ती बाबांची थोरली बहीण, विधवा, आमच्याच घरी राहायची. लहानपणी तिलाही देवी निघाल्या होत्या. तिचा सगळा चेहरा खड्ड्यांनी भरलेला होता, आणि एका डोळ्यावर पांढरं फूल पडलं होतं. एकदा झालं की पुन्हा होत नाही, म्हणून तिची निवड झाली. आई आणि आत्या यांचं घरात फारसं बोलणं नव्हतं. भांडण असं नाही, पण मिठाचं भांडं कुठं ठेवायचं यावरून दोघींची तोंडं वर्षानुवर्षं दोन दिशांना. माझा जीव वाचवायला आत्या आणि माझ्यासाठी जीव टांगणीला लागलेली आई, आणि दोघींच्या मध्ये नाला. म्हणून धुराचा ठराव. सकाळी आत्याने चूल पेटवली की आमच्या घराच्या धाब्यावर उभी राहून आईला निंबाच्या शेंड्यावरून धूर वर जाताना दिसायचा. मग ती खाली उतरून कामाला लागायची.

माझे डोळे सुजून मिटले होते. दोन्ही. पापण्या चिकटलेल्या, आणि त्यांच्याआड दिवसा तांबडं, रात्री काळं. आधी मी रडले. रडताना फोडांवर खारं पाणी जाऊन आग व्हायची, म्हणून रडणं बंद केलं. मग कानावर जगायला लागले. टिटवी ओरडली की कुणीतरी नाल्यात उतरलं. खोपडीवर पारवे घुमायला लागले की ऊन चढलं. मेडशीच्या सडकेवरून एसटीचा हॉर्न ऐकू आला की सकाळची गाडी. वाऱ्याने कुडाच्या तुराट्या खडखडल्या की दुपार. पहाटे वावराच्या कडेला रोही, म्हणजे नीलगायी, यायचे, आणि त्यांच्यातला एखादा नाक फेंदारून असा शिंकायचा की मी दचकायचे. पहिल्यांदा मला वाटलं माणूस आहे. पुढे रोही आले नाहीत तर मला करमेनासं झालं.

आत्याला मी खुणेने विचारायचे, बाहेर काय आहे. आत्याकडे शब्दांची फार कंजुषी. "पयस फुलला," ती सांगायची. कसा फुलला? "लाल." बस. माझा असा संताप व्हायचा की हात आपटायचे. एकदा तिने काय केलं, पळसाची फुलं ओंजळभर आणली आणि माझ्या तळहातावर ओतली. तळहातावर फोड कमी होते. फुलांची ती लव, तो वाकडा, जाड देठ, मी एकेक फूल चाचपत बसले. दुसऱ्या दिवशी मोहाची फुलं, चिकट, गोड वासाची. नंतर ओली वाळू, वारुळाची माती, सुगरणीचं पडकं घरटं. रोज काहीतरी. तिने यावर कधी एक शब्द काढला नाही आणि मीही काढू शकत नव्हते.

गावातल्या पोरी मोह वेचायला सकाळी नाल्यापर्यंत यायच्या. पलीकडूनच ओरडायच्या, "जित्ती हाय काय वं?" आत्या इकडून ओरडायची, "हाय! तुमच्यापरीस जास्त जित्ती हाय!" मग त्या शाळेतल्या भानगडी मोठ्यानं सांगायच्या. कोण नापास होणार, कुणाचं लग्न ठरलं, कुणी मास्तराची टोपी लपवली. मला हसता यायचं नाही, ओठ फाटायचे. पण पोरी गेल्या की दिवसभर तेच चघळत पडायचे.

आता त्या दिवसाचं सांगते.

आमच्या गावात रीत अशी की अंगावरचे फोड पुरते भरले, पिकायला आले, की एक दिवस देवीला थंडं ठेवायचं. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या दिवसाच्या कण्या, ताक, दहीभात, तेच देवीला दाखवायचं आणि तेच खायचं. पेटवली तर देवीच्या अंगाची आग होते. दिवस कोणता ते पंचांग सांगत नाही. घरातली जाणती बाई रोग्याचं अंग पाहून ठरवते. आत्याने त्या सकाळी माझ्या हातापायांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "आज थंडं ठेवतो. आज चूल नाई."

मी हात उचलून वर धूर जाण्याची खूण केली. आई बघेल, धूर नाही म्हणून घाबरेल, एवढं मला कळत होतं.

"तुही माय लेकरंबाळं असलेली बाई हाय," आत्या म्हणाली. "तिले समजन. थंड्याच्या दिवशी धूर कुठून येईन?"

बाबांच्या हाती निरोप दिला असता तर प्रश्नच नव्हता. बाबा रोज सकाळी बाभळीखाली दुधाचा गडू ठेवून जायचे आणि दुरून दोन शब्द बोलायचे. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांचं मलम आणायला ते पहिल्याच गाडीने वाशीमला गेले होते. दुधाचा गडू पोरींनी आणून ठेवला आणि त्या लगेच पळाल्या, ऊन चढायच्या आत त्यांना मोह वेचायचा होता.

आत्याला जे माहीत नव्हतं ते हे, की आईच्या माहेरी ही रीतच नव्हती. तिकडे देवीला दहीभात दाखवतात, पण चूल चालू असते. तिकडे घराची चूल फक्त एकाच दिवशी पेटत नाही. घरात मयत झाली की.

मला हे नंतर कळलं, आईच्याच तोंडून. ती सकाळी धाब्यावर चढली. धूर नाही. म्हणाली, बाई उशिरा उठल्या असतील; आत्याला ती बाई म्हणायची. भावाला पाजलं, पुन्हा चढली. धूर नाही. तिसऱ्यांदा चढली तेव्हा शेजारणीही तिच्याबरोबर चढल्या, आणि सगळ्या जणी नाल्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या बायकांना थंड्याची रीत माहीत नव्हती का? होती. पण गावात देवी येऊन कित्येक वर्षं झाली होती, त्यामुळे तरण्या बायकांनी ती फक्त ऐकली होती, आणि म्हाताऱ्यांना कुणी धाब्यावर चढवून विचारलं नाही. त्यातली एक हळूच म्हणाली की पोरीचा बाप वाशीमला गेला आहे, त्याला निरोप धाडावा लागेल. निरोप कशाचा ते कुणी बोललं नाही. आईने बाळ तिच्या हातात दिलं आणि जिना उतरून धावत सुटली.

मला आधी टिटवी ऐकू आली. मग नाल्यातल्या दगडांवर पावलं. मग बांगड्या. आईच्या बांगड्या मी झोपेतही ओळखल्या असत्या. मला असा आनंद झाला की मी उठून बसले. आणि दुसऱ्याच क्षणी मला देवीडॉक्टरचं बोलणं आठवलं, अंगावर पिणाऱ्या बाळाचं.

"तिथंच थांब!" आत्या बाहेरून ओरडली. "अवं, कुठं येऊन राह्यली? थांब!"

"कवा गेली?" आईचा आवाज. तो आवाज मी आजही आठवला तर मला घोटभर पाणी प्यावं लागतं. "बाई, कवा गेली माही पोरगी?"

"गेली नाई! जित्ती हाय! आज थंडं हाय, म्हून चूल नाई पेटवली."

"थंड्यानं चूल कायले बंद राह्यते? मयतीले बंद राह्यते चूल. खोटं बोलू नका, बाई. तुमच्या पाया पडते, खोटं बोलू नका."

"देवीची आन! आतमंधी हाय ते. झोपली हाय."

"मंग तिले बोलू द्या. तिचा एक सबूद आयकू द्या, मी वापस जाते."

आत्या खोपडीच्या तोंडाशी आली. "बोल वं पोट्टे! बोल काई बी!" मी तोंड उघडलं. आतून एक फुंकर निघाली, बस, जशी भात्यातून निघते. मी पुन्हा जोर केला. घशात काहीतरी फाटलं, रक्ताची चव आली, पण आवाज आला नाही. घरात दिवसभर ज्या पोरीच्या तोंडाला कुलूप लावा म्हणून आई देवाला नवस बोलायची, त्याच पोरीला आता "आई" म्हणता येईना.

"नाई बोलत," आई म्हणाली, अगदी हळू. "माही पोरगी अन बोलत नाई." आणि बांगड्या पुढे सरकल्या.

मला धप्प असा आवाज ऐकू आला, आणि मग आत्याचा दम लागलेला श्वास. वावर नुकतंच नांगरलं होतं, काळ्या मातीची ढेकळं सगळीकडे पसरलेली. आत्या ढेकळं उचलून आईवर फेकत होती. "माघारी जाय! बाळाले मारतं काय? लेकराची माय हायस तू, माघारी जाय!" एक ढेकूळ आईच्या गुडघ्याला लागलं असावं, ती कण्हली. पण पावलं थांबली नाहीत. आत्या म्हातारी, एका डोळ्याने अंदाज घेणार. आई तीस-बत्तिशीची, आणि तिला आपलं मेलेलं पोर बघायचं होतं. कोण अडवणार होतं तिला?

मी अंथरलेल्या निंबाच्या पाल्यावरून खाली घसरले आणि रांगत निघाले. अंगाखालचं लुगडं पाठीला चिकटलं होतं, ते तसंच सोलून निघालं. दाराच्या उंबऱ्याचं लाकूड हाताला लागलं, मग ऊन. पापण्यांच्या आत सगळं लालभडक झालं. आत्या किंचाळली, "अवं, तू कायले आली बाहीर!" मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला राग आला होता. देवीचा, आत्याच्या थंड्याचा, आईच्या अनसिंगच्या चुलींचा, सगळ्यांचा. आईने इथं येऊन मरायचं आणि माझ्या नावाने ते बाळ मरायचं, आणि मी जन्मभर ते ऐकत बसायचं, हे मला कबूल नव्हतं. माझा हात मातीत फिरला. एक ढेकूळ सापडलं. बांगड्या जिथं वाजत होत्या तिकडे मी ते जीव खाऊन भिरकावलं.

ते कुठंतरी भलतीकडेच पडलं. फुटल्याचा आवाज आला. आणि बांगड्या थांबल्या.

आई माझ्याकडे बघत असणार, आणि मी कशी दिसत असेन याचा मला तेव्हा अंदाज नव्हता, ते बरंच झालं. पहिलं लागलं नाही याचा मला आणखी राग आला. मी दुसरं ढेकूळ शोधलं, चांगलं मुठीएवढं, आणि या वेळी तिचा श्वास ऐकून नेम धरला. ते लागलं. धप्प करून लागलं, कुठं ते दिसलं नाही.

"मारून राह्यली!" आई ओरडली. "बाई, मले मारून राह्यली! जित्ती हाय! मायले ढेकलानं मारून राह्यली, माहीच पोट्टी हाय ते!" ती हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही. ती तिथंच मातीत बसली. आत्याही बसली. मी उन्हात उकिडवी, तिसरं ढेकूळ हातात धरून, कारण तिचा भरवसा नव्हता.

मग ती खरंच मागे सरली, नाल्याच्या पलीकडे, मोहाच्या सावलीत. आणि तिथून तिने मला भावाबद्दल सांगितलं. तो झोपेत कसा मुठी वळतो, त्याच्या कानावर माझ्यासारखीच लव आहे, रात्री तो रडायला लागला की बाबा त्याला माझ्याच नावाने हाका मारतात आणि मग जीभ चावतात. दुपारचं ऊन उतरेपर्यंत ती बोलत राहिली. आत्या मला आत घेऊन गेली होती, पाठ निंबाच्या पाण्याने पुसत होती, आणि आईचं बोलणं संपू नये म्हणून मी हूं का चूं न करता सगळं सोसत होते. शेवटी आत्याच बाहेर जाऊन म्हणाली, "आता जाय. छातीत दूध भरलं असन." आई गेली.

ती घरी गेली नाही. सरळ चावडीवर गेली. गावाचं टोचलेलं धरलं का ते बघायला आलेला देवीडॉक्टर सायकलला थैली अडकवून निघायच्या बेतात होता. आईने त्याच्यासमोर दोन्ही हात पुढे केले. तो थक्क होऊन म्हणाला, आता तुमच्या देवीचं काय? आई म्हणाली, "देवीनं माही पोरगी धरली तवा मले इचारलं काय? मंग मी तिले कायले इचारू?" हे त्याने नंतर बाबांना सांगितलं, आणि तो चिडका माणूस सांगताना हसत होता म्हणे. बाळालाही टोचलं. मात्र त्याने आईला ताकीद दिली की टोचलेलं धरून पिकेपर्यंत नाला ओलांडायचा नाही. धरलं नाही तर पुन्हा टोचावं लागेल, आणि आज तिथं जाऊन जो वारा घेतला असेल त्याचं काय ते पुढच्या दिवसांत दिसेल.

ते दिवस माझ्या स्वतःच्या दुखण्यापेक्षा वाईट गेले. माझ्या अंगावरच्या खपल्या वाळू लागल्या होत्या, खाज सुटली होती, पण मला त्याचं काही वाटेना. आई रोज नाल्यापलीकडे येऊन बसायची, आणि तिचा आवाज जरा बसका वाटला तरी मला धडकी भरायची. ती शिंकली की मी आत्याचा हात दाबायचे. आत्या ओरडून विचारायची, "आंग गरम हाय काय वं?" तिकडून आई, "नाई जी, धूळ गेली नाकात." आत्या चूल मात्र रोज न चुकता पेटवायची, आणि ओल्या पऱ्हाट्या घालून असा धूर करायची की खोपडीत आम्हा दोघींना ठसका लागायचा.

एका सकाळी टिटवी ओरडली आणि पावलं नाल्यात थांबली नाहीत. ती वर आली, वावर ओलांडलं, बांगड्या खोपडीच्या दाराशी. माझे डोळे अजून उघडले नव्हते. मी मातीत हात फिरवला, पण आत ढेकूळ कुठलं.

"मी आली वं," आई म्हणाली.

माझा घसा तेवढा मोकळा झाला होता. "कोनं बलावलं तुले?"

तिने माझा हात धरला आणि आपल्या दंडावर ठेवला. तिथं एक गरम, सुजलेला, पिकलेला फोड होता. मग माझा हात उचलून तिने दुसऱ्या दंडावर ठेवला. तिथंही तसाच.

"दोन्ही हाताले कायले टोचलं?"

"एक नाई धरलं तं दुसरं धरन म्हून. बाळाचं बी धरलं."

मी हळूच दाबून पाहिलं. ती कळवळली.

"दुखते?"

"लय दुखते वं."

"बरं झालं," मी म्हटलं.

आईने माझं डोकं उचलून मांडीवर घेतलं. माझ्या खपल्या तिच्या लुगड्याला, तिच्या हातांना लागत होत्या, आणि आत्याने तिला अडवलं नाही.